माळ्यावरचा पेंढा

१२ डिसेंबर २०१३, गुरुवार, सकाळी सहा वाजून वीस मिनिटे. गोठ्यात बैल अठ्ठेचाळीस. पायांवर उभे अठ्ठेचाळीस.

दाराशेजारच्या फळ्यावर खडूने एवढे लिहून हिसामोरी नाकाझोनो यांनी हात झटकले. ‘उभे’ हा रकाना त्यांनी स्वतः आखलेला होता. आठशे किलोचा पोसलेला बैल झोपेत एका कुशीवर कलंडला की त्याला पुन्हा उठता येत नाही. पोट ढोलासारखे फुगत जाते आणि दोन-तीन तासांत सगळे आटोपते. म्हणून गोठ्यात शिरताच आधी उभी जनावरे मोजायची, बाकी सारे त्यानंतर. कृषी तंत्रविद्यालयातून बाहेर पडल्याला त्यांना पन्नास वर्षे झाली होती आणि या पन्नास वर्षांत मोजल्यावाचून त्यांनी कशावरही विश्वास ठेवला नव्हता.

खाणे घालण्याचा क्रम ठरलेला होता. आधी भाताचा पेंढा, त्यानंतर चाळीस मिनिटांनी भरडलेला मका, सातू, गव्हाचा कोंडा आणि सोयाबीनची पेंड. हा क्रम उलटा झाला की पोटात आंबट धरते आणि बैल खाणे टाकतो. ढकलगाडी नेहमी उजव्या हाताच्या भिंतीलगत जाई. प्रत्येक कप्प्यापाशी नाकाझोनो एकदा खाकरत, गव्हाणीच्या डाव्या कोपऱ्यात पेंढा सोडत आणि पुढे सरकत. पाण्याच्या वाट्या, मिठाच्या विटा, झाडू, टोपली, यांतल्या कशाचीही जागा एकोणीस वर्षांत वीतभरसुद्धा हलली नव्हती. बारा कप्पे, प्रत्येकात चार बैल. शेवटच्या कप्प्यापाशी पोहोचून त्यांनी मागे वळून पाहिले, तेव्हा अठ्ठेचाळीस काळी डोकी एका ओळीत खाली गेलेली होती.

“हिसामोरी, हा गोठा आहे की मठ?”

दारात तोकुदोमे उभे होते. ओढ्यापलीकडे त्यांचा साठ बैलांचा गोठा होता, आणि ते आले होते खूर कापायची पकड मागायला.

“माझ्याकडे मी नुसता शिंकलो तरी निम्मी जनावरं उधळतात. तू यांना पाजतोस तरी काय?”

“वेळेवर खायला घालतो.”

“तो फेब्रुवारीच्या प्रदर्शनाचा कुठला? सहाव्यातला ना?”

“चारशे सतरा.”

कानातल्या बिल्ल्यावरचे शेवटचे तीन आकडे हेच त्या बैलाचे नाव होते. तोकुदोमे सहाव्या कप्प्यासमोर जाऊन उभे राहिले, त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. चारशे सतराने मान वर केली नाही.

“बघ, ढुंकूनही बघत नाही माझ्याकडं. मालकासारखाच घमेंडखोर.” मग ते जरा वाकले. “डोळे मात्र गळतायत याचे.”

“राख आहे. तुझे नाही गळत?”

तोकुदोमेंनी बाहीने डोळे पुसले. त्यांचे गळतच होते. साकुराजिमा ज्वालामुखी त्या आठवड्यात रोज धुमसत होता आणि हिवाळी वारा सगळी राख याच बाजूला आणून टाकत होता. पत्र्यावर राख, कोबीवर राख, दोरीवरच्या कपड्यांत राख. जिल्ह्यातल्या झाडून सगळ्यांचे डोळे लाल होते.

“यंदा पहिला नंबर नेणार म्हणतात तू,” पकड बगलेत मारत तोकुदोमे म्हणाले. “पण दुसऱ्याची तुला इतकी सवय झालीय, की चुकून पहिला दिला तर परत करून येशील.”

नाकाझोनो हसले. दर फेब्रुवारीत प्रांताचे मांसाचे प्रदर्शन भरे. त्यात ते चार वेळा दुसरे आले होते, पहिले एकदाही नाही. आणि यंदाची खेप शेवटची होती.

*

शेवटची, कारण येत्या एप्रिलपासून हा मोठा गोठा मिहोकोचा होणार होता. मिहोको त्यांची एकुलती एक मुलगी. आई गेल्यावर शहरातली नोकरी सोडून ती परत आली, त्याला सहा वर्षे झाली होती. वासरांचा गोठा तिने एकटीने उभा केला होता. मोठ्या गोठ्यात मात्र एप्रिलपर्यंत बाबांचे राज्य, असे दोघांत ठरलेले होते आणि ती ते पाळत होती. नाश्त्याच्या वेळी काय बोलायचे याबद्दल काही ठरलेले नव्हते.

“बाबा, सहाव्या कप्प्याला तुम्ही अजून जीवनसत्त्व दिलं नाहीत.”

“नाही.”

“सव्वीस महिने झाले त्यांना. तेविसाव्या महिन्यात परत द्यायचं, हे तुमच्याच कोष्टकात आहे. मी ते वासरांच्या गोठ्यात भिंतीला लावलंय, तुमच्या अक्षरातलं.”

नाकाझोनोंनी भाताचा वाडगा खाली ठेवला. ते कोष्टक जिल्ह्यातल्या पुष्कळ गोठ्यांत लागलेले होते. बैल चौदा महिन्यांचा झाला की त्याच्या खाण्यातले अ जीवनसत्त्व हळूहळू उतरवायचे. ते उतरले की मांसाच्या तंतूंत चरबीची बारीक पांढरी जाळी दाट धरते, आणि त्या जाळीला एक ते बारा अंक मिळतात. मात्र ते फार उतरले की आधी अंधारातले दिसेनासे होते, मग उजेडातले, मग सांध्यांत पाणी साचते. म्हणून तेविसाव्या महिन्यापासून ते पुन्हा चढवत न्यायचे. ही अरुंद वाट कोणत्या महिन्यात कुठे वळते, तेवढे त्या कोष्टकात लिहिलेले होते.

“दोन हजार नऊ साली दिलं होतं तेविसाव्याला,” ते म्हणाले. “एका अंकानं गेला.”

“एका अंकानं दुसरा आलात. आभाळ कोसळलं का?”

“रक्ताचा आकडा पंचेचाळीस आहे, मिहो. तीसच्या खाली गेल्याखेरीज धोका नाही.”

“सहाव्या कप्प्याचं रक्त काढलं होतं?”

त्यांनी मुळ्याच्या लोणच्याचा एक काप उचलला. “दुसऱ्याचं आणि नवव्याचं काढलं. खाणं सगळ्यांना एकच.”

“डोळे गळतायत त्यांचे.”

“तुझे गळत नाहीत?”

तिचेही गळत होते. ती भांडी उचलू लागली.

आपण खोटे बोललो, असे त्या वेळी नाकाझोनोंना वाटले नाही. खुराक सगळ्यांना एकच होता. पेंढा मात्र एक नव्हता. प्रदर्शनाच्या बैलासाठी म्हणून दोन वर्षांपूर्वीचा पेंढा त्यांनी पत्र्याखालच्या माळ्यावर वेगळा रचून ठेवला होता. दोन उन्हाळे तापून त्याचा हिरवेपणा पार उडाला होता, जुन्या वर्तमानपत्रासारखा रंग आला होता. आणि बैलाच्या अंगात जे थोडेफार अ जीवनसत्त्व तयार होते, ते पेंढ्यातल्या त्या हिरवेपणातूनच. उन्हाळ्यापासून हा पेंढा सहाव्या कप्प्याला आणि गाडी तिथेच थांबते म्हणून शेजारच्या पाचव्या-सातव्यालाही जात होता. दुसऱ्याला आणि नवव्याला यंदाचा. नमुना कुठून घ्यावा, हा तंत्रविद्यालयातल्या पहिल्या सत्राचा धडा. पण पेंढा कोणता, हे लिहायला त्यांच्या कोष्टकात रकानाच नव्हता.

*

बावीस डिसेंबरला, रविवारी, राख एवढी पडली की पहाटेच पाण्याच्या टाकीची झाकणे धुवावी लागली. नाकाझोनो गोठ्यात पोहोचले तेव्हा सात वाजून गेले होते. चाळीस मिनिटांचा उशीर. बैल कधीचेच गव्हाणीपाशी येऊन उभे होते.

सहाव्या कप्प्याशी गाडीचे चाक अडले. धुऱ्यात राख जाऊन ते जाम झाले होते. पुढे जाईना, मागे येईना. उशीर झालेला होताच. नाकाझोनो खाकरले आणि गाडी होती तिथूनच त्यांनी पेंढा टाकला, गव्हाणीच्या उजव्या कोपऱ्यात.

चारही डोकी डाव्या कोपऱ्यात खाली गेली.

चार जिभा कोरड्या सिमेंटवरून फिरू लागल्या. खर्र, खर्र असा आवाज येत होता. पेंढा दोन हातांवर होता, दारातून आलेला सकाळचा उजेड सरळ त्याच्यावर पडला होता, आणि रात्रभराचे उपाशी बैल सिमेंट चाटत होते. नाकाझोनोंनी घड्याळाकडे पाहिले. दोन मिनिटे. तीन. शेवटी चारशे सतराने मान उचलली, नाकपुड्या फुगवल्या आणि वास घेत घेत तो उजवीकडे सरकला. त्याच्या चघळण्याच्या आवाजामागे बाकीचे तिघे आले.

मठासारखा गोठा. ढुंकूनही न पाहणारा बैल.

नाकाझोनोंनी गाडीचा दांडा सोडला. मग त्यांनी औषधांच्या कपाटातून कापूस काढला. डोळ्यांसमोर नुसता हात हलवून चालत नाही; हाताचा वारा लागला तरी जनावर पापणी मिटते. कापसाचा बोळा आवाज करत नाही, वाराही घालत नाही. त्यांनी तो चारशे सतराच्या डोळ्यासमोरून सोडला. पापणी हलली नाही. दुसऱ्या डोळ्यासमोर सोडला. हलली नाही. बाहुली भर उजेडातही ताटली होऊन पसरलेली होती, आणि तिच्या तळाशी विहिरीतल्यासारखी निळसर झाक होती.

त्यांनी अठ्ठेचाळीसही बैल तपासले. दुपारी साडेचारला, दिवस कलताना, पुन्हा तपासले. कारण डोळे जायला लागतात ते कमी उजेडापासून. सहाव्या कप्प्यातले चारही आंधळे होते. पाचव्या आणि सातव्या कप्प्यांतल्या आठांपैकी सात बैलांना सकाळी बोळा दिसला होता, संध्याकाळी दिसला नाही. बाकी सगळे ठीक.

अकरा. त्यांनी हा आकडा एका चिठोऱ्यावर लिहिला. फळ्यावर लिहिला नाही.

औषधांच्या फ्रिजमध्ये मधल्या फळीवर बाटली होती. पिवळे, तेलकट औषध. जिभेवर वीस मिलिलिटर. सातांसाठी अजून वेळ होती. ती फार दिवस राहणार नव्हती, हेही त्यांना पुस्तकातल्या आकृतीसकट ठाऊक होते. डोळ्यामागच्या हाडातली वाट आवळत जाते, तिच्यातली नस चिमटते, आणि एकदा ती चिमटली की पुढे बाटलीभर पाजले तरी उपयोग नसतो. पण बाटलीवर मिहोकोच्या हातच्या रेघा होत्या. प्रत्येक मात्रेनंतर ती रेघ मारून तारीख घालत असे. हे तिला त्यांनीच शिकवले होते. सातांना दिले की ती विचारणार, विचारले की सांगावे लागणार, आणि सांगितले की ती सगळ्यांत आधी सहाव्या कप्प्यात शिरणार. बैल गाडीत चढायला अठ्ठावन्न दिवस उरले होते. जाळीचा शेवटचा थर याच दिवसांत भरतो, असा त्यांचा विश्वास होता. त्यासाठी मात्र त्यांच्यापाशी मोजमाप नव्हते. दोन हजार नऊचा तो एक अंक तेवढा होता.

त्यांनी फ्रिजचे दार लावले. परत येऊन सहाव्या कप्प्याच्या उजव्या कोपऱ्यात उरलेला पेंढा कवेत उचलला आणि डाव्या कोपऱ्यात नेऊन ठेवला.

*

त्या दिवसापासून गोठ्यात सगळे अधिकच काटेकोर झाले. सहा वीस म्हणजे सहा वीस. नाकाझोनो आता कप्प्यापाशी पोहोचण्याआधीच बोलू लागले, म्हणजे बैल दचकणार नाहीत.

“बाबा, हल्ली बैलांशी गप्पा?” मिहोको एकदा दारातून म्हणाली. “माझ्याशी दिवसाला चार वाक्यं, आणि यांना सगळं हवामान सांगताय.”

“ते उलट बोलत नाहीत.”

“एप्रिलनंतर माझ्याकडे काम मागायला याल ना, तेव्हा बघते.”

ती हसत होती. त्यांनी गाडी पुढे ढकलली.

पंधरा जानेवारीला दहाव्या कप्प्यातला एक बैल फुगला म्हणून मिताराई डॉक्टर आले. पन्नाशीचे, जाडजूड, सतत काहीतरी बोलणारे. नळी घशातून पोटात गेली, आंबूस वाफ सुटली, बैलाची डावी कूस हळूहळू खाली बसली.

“घ्या, एवढी हवा आमच्या कार्यालयातल्या बैठकीतसुद्धा निघत नाही,” डॉक्टर म्हणाले. हात धुवायला ते नळाकडे निघाले आणि वाटेत सहाव्या कप्प्यापाशी थबकले. “हाच का तो? वा. काय पाठ आहे! टेबल मांडून जेवावं.” मग त्यांची नजर खाली गेली. “मागचे घोटे भरलेत याचे.”

“सिमेंटवर उभा असतो दिवसभर.”

“हं.” डॉक्टरांनी बैलाच्या डोक्याशी चुटकी वाजवली. चारशे सतराने कान वळवला. “ऐकतो मात्र झकास. रक्त घेऊ का? सुई हातातच आहे.”

दहाव्या कप्प्यातला बैल दोनदा ढेकरला.

“प्रदर्शनापर्यंत टोचाटोची नको, डॉक्टर. बिथरला तर खाणं टाकेल.”

“हा बिथरणाऱ्यातला दिसत नाही.”

“तरी.”

डॉक्टर त्यांच्याकडे पाहत राहिले. “तुमच्या कोष्टकावर मी परीक्षा पास झालो, नाकाझोनोसान. तुम्हाला मी काय सांगायचं?” असे म्हणून त्यांनी सुई पेटीत टाकली, बूट धुतले आणि ते गेले.

दर रविवारी दुपारी बारा वाजता, ऊन स्वच्छ असताना, नाकाझोनो पाचव्या-सातव्या कप्प्यांत कापूस घेऊन जात. चिठोरे चष्म्याच्या पेटीत घडी करून ठेवलेले असे. पाच जानेवारी: सातांपैकी पाचांना दिसते. एकोणीस जानेवारी: तिघांना. दोन फेब्रुवारी: एकाला. नऊ फेब्रुवारी: एकालाही नाही. प्रत्येक रविवारी ते फ्रिजपर्यंत गेले, आणि प्रत्येक रविवारी उरलेले दिवस आधीच्या रविवारपेक्षा सातने कमी होते. एवढे थांबलो, आता एवढ्यासाठी कशाला, हा हिशेब दर खेपेला अधिक सोपा होत गेला. नऊ तारखेला फ्रिज उघडायचे कारणच उरले नाही. गोठ्याच्या कोपऱ्यात, मेलेल्या जनावरांसाठी उभा केलेला एक दगड होता. त्यावरची राख पुसून रोज वाटीभर पाणी ठेवायचा त्यांचा नेम होता. त्या दिवशी त्यांनी पाणी ठेवले, पण नेहमीसारखे हात जोडून उभे राहिले नाहीत.

*

अठरा फेब्रुवारी, मंगळवार, सकाळी आठ वाजून दहा मिनिटे. रात्री वारा फिरला होता, राख नव्हती, ऊन लख्ख होते. प्रदर्शनासाठी एका गोठ्यातून एकच बैल जाई. चारशे सतराचे वजन आठशे सेहेचाळीस किलो भरले. मिहोकोने त्याला घासून असा चकचकीत केला होता की पाठीवर आकाश दिसावे.

गाडीवान तिशीतला होता. त्याने कासरा धरून बैलाला गाडीच्या उतरत्या फळीपर्यंत आणले, आणि तिथे बैल थांबला. पुढचे दोन्ही पाय रोवून, मान ताठ करून थांबला.

“चल रे राजा! आजोबा, हा अडलाय हो.”

“ओढू नकोस.” नाकाझोनोंनी खुराकाची बादली उचलली. दोनदा खुळखुळवली. खाकरले. आणि पाठमोरे, एकेक पाऊल मागे टाकत ते फळीवर चढू लागले.

चारशे सतराने आवाजाच्या दिशेने तोंड पुढे केले. पहिला पाय त्याने उचलला तो गुडघाभर उंच, समोर मोठी पायरी असावी तसा; खूर हवेत चाचपडला आणि थाडकन फळीवर आपटला. मग दुसरा. बादली खुळखुळत होती, बैल चढत होता.

“बाबा, बादली थांबवा.”

मिहोको खाली उभी होती. हातात घासायचा ब्रश तसाच होता.

नाकाझोनो थांबले. बैलही थांबला, फळीच्या मध्यावर, एक पाय अधांतरी ठेवून.

“हलवा आता.”

त्यांनी बादली हलवली. बैलाने पाय टाकला.

“थांबवा.”

बैल थांबला. गाडीवान एकदा हिच्याकडे, एकदा त्यांच्याकडे पाहू लागला. मिहोकोने फळीच्या बाजूने वर येऊन ब्रश बैलाच्या डोळ्यांसमोरून सावकाश नेला, पुन्हा आणला. त्या मोठ्या काळ्या डोळ्यांत ऊन भरले होते, आणि ते तिच्या खांद्यावरून कुठेतरी लांब लागले होते.

“कधीपासून?”

“गाडीला उशीर होतोय, मिहो.”

“कधीपासून, बाबा?”

तारीख चुकीची सांगणे त्यांना आयुष्यात कधी जमले नव्हते. “बावीस डिसेंबर.”

“हा एकटाच?”

नाकाझोनोंनी बादली खाली ठेवली, खिशातून चष्म्याची पेटी काढली आणि चिठोरे तिच्या हातात दिले. तिने ते उभ्या उभ्या वाचले. पाच. तीन. एक. शून्य. वाचून झाल्यावर तिने ते पुन्हा त्याच घड्यांवर दुमडले.

“म्हणजे दर रविवारी,” ती म्हणाली, “तुम्ही बघायला जात होतात.”

त्यांनी मान हलवली.

“न्या त्याला,” ती गाडीवानाला म्हणाली. “इथे ठेवून आता काय करणार.” आणि ती फ्रिजकडे गेली. जाताना ती चालत होती. दारापाशी पोहोचेपर्यंत पळू लागली.

*

वीस फेब्रुवारीला मांसगृहाच्या थंड दालनात चौऱ्याण्णव धडे टांगलेली होती. सहाव्या आणि सातव्या बरगडीच्या मध्ये काप घेऊन परीक्षक दिव्याने पाहत होते. नाकाझोनो आणि तोकुदोमे भिंतीशी उभे होते, तोंडातून वाफा निघत होत्या.

चारशे सतराच्या कापात पांढरी जाळी एवढी बारीक आणि एवढी दाट होती की परीक्षकाने दुसऱ्या परीक्षकाला हाक मारली. दोघांनी नमुन्याची पट्टी लावली. बारा. त्या दिवशीचा तो एकमेव बारा होता.

“झालास की रे पहिला,” तोकुदोमे कुजबुजले.

मग पहिल्या परीक्षकाने मागच्या मांडीच्या आतल्या बाजूला अंगठा दाबला. अंगठा रुतला. त्याने तो काढला तेव्हा खळगा तसाच राहिला, आणि तिथून पिवळसर पाणी निघून फरशीवर ठिबकू लागले. त्याने खाली वाकून पाहिले, सहकाऱ्याशी दोन शब्द बोलला, आणि बाराच्या शेजारी पाणी भरल्याचा निळा शिक्का मारला. शिक्का बसलेले धड क्रमवारीत धरत नाहीत. दोन माणसांनी ते दुसऱ्या रुळावर ओढून नेले.

 टोमणा मारायला तोकुदोमेंना हा जन्मभराचा मोका होता, पण त्यांनी तो घेतला नाही.

“हिसामोरी, डिसेंबरात मी त्याच्यासमोर उभा होतो. पकड न्यायला आलो होतो तेव्हा.”

“हो.”

“त्याला मी दिसलो होतो का?”

“नाही.”

तोकुदोमेंनी टोपी काढली आणि हातात धरून ठेवली.

*

उरलेल्या दहांना मिताराईंनी सुई टोचली, मिहोकोने जिभेवर औषध घातले, आठ दिवसांनी पुन्हा, पंधरा दिवसांनी पुन्हा. माळ्यावरचा पेंढा तिने खाली ओढून शेतात पसरला. भिंतीवरचे कोष्टक तिने काढून टाकले नाही. त्यात लाल शाईने एक रकाना वाढवला: पेंढा कोणता. ती बाबांना रागावली नाही. नाश्त्याला भात आणि मिसोची आमटी पूर्वीसारखीच येत राहिली, आणि दिवसाच्या चार वाक्यांची दोन झाली.

मार्चच्या अखेरीस, गोठ्याची कागदपत्रे तिच्या नावावर झाली त्या संध्याकाळी, ती म्हणाली, “उद्यापासून सहा वीसला यावं लागेल तुम्हाला.”

“तुझा गोठा आहे आता.”

“ते तुमच्या खाकरण्यावर गव्हाणीपाशी येतात. मी खाकरून बघितलं. माझ्यावर येत नाहीत.”

म्हणून दुसऱ्या दिवशी नाकाझोनो आले. गाडी मिहोकोने ढकलली. ते तिच्या पुढे चालले, आणि पाचव्या, सहाव्या, सातव्या कप्प्यापाशी एकेकदा खाकरले. डोकी डाव्या कोपऱ्यात खाली आली. मिहोको कापसाचा बोळा घेऊन एकेका डोळ्यापाशी गेली. त्यानंतर दोघे दाराशी आले, आणि फळ्यावर तिने तिच्या अक्षरात लिहिले:

१ एप्रिल २०१४. औषध दिलेले दहा. दिसू लागलेले दोन.